बॉल दिसू द्या: मॅचमधल्या जाहिराती, आपला राग आणि आपलं मत

३० एप्रिल २०२५, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी दोन्ही आत्या माहेरी आलेल्या, दुपारच्या आमरसाने सगळे सुस्तावलेले, कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी भरून झालेलं. टीव्हीवर आयपीएलची मॅच, चेन्नई आणि पंजाब. एकोणिसावी ओव्हर पंजाबच्या चहलकडे आली आणि बघता बघता धोनी गेला. मग दीपक हुडा, लगेच पुढच्या बॉलवर अंशुल कंबोज. आता हॅटट्रिकचा बॉल. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका, खाटेवरून उतरून थेट टीव्हीपुढे जमिनीवर येऊन बसले. नेमक्या त्याच वेळी पडद्यावर कुणीतरी थंडगार बाटली तोंडाला लावली.

"आपुन मॅच दखाले बठनूत, नि ह्या जाहिराती दखाडी ऱ्हायनात!" नाना कडाडले.

बॉल चुकला नाही. जाहिरात संपली, नूर अहमद बाद झाला, हॅटट्रिक आम्ही डोळ्यांनी पाहिली, पोरांनी घर डोक्यावर घेतलं. पण नानांचा राग उतरेना. जेवताना त्यांनी तो नीट उलगडून सांगितला. त्यांचं हुकलं होतं ते वेगळंच: नवा बॅट्समन चालत येताना त्याचा चेहरा, कॅप्टनने कुणाला जवळ बोलावलं ते, चहलने बॉल हातात कसा फिरवला ते. "विकेट तं एका सेकंदात पडते रे भो, गंमत तिच्या आधी असते," म्हणाले.

आणि त्याच घरात, त्याच संध्याकाळी, धाकटी आत्या पिठाच्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली होती ती एका जाहिरातीसाठीच. त्यातली आजी कशी हसते ते तिला तिच्या सुनेला दाखवायचं होतं. ती जाहिरात पाहून झाली आणि मॅचकडे ढुंकूनही न बघता ती परत गेली.

मी जळगावात जाहिरातींचंच काम करतो. सोन्याच्या पेढ्या, बियाण्यांची दुकानं, क्लासेस, ट्रॅक्टरचे शोरूम, असली गिऱ्हाइकं. त्यामुळे मॅच बघताना घरच्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. इतक्या जाहिराती का? तीच तीच का? आवाज मधेच का वाढतो? आणि आम्हाला काय वाटतं ते कुणी विचारतं का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, पण त्याचं उत्तर पहिल्या तिघांतून गेल्याशिवाय कळत नाही.

आधी पैशाचा हिशोब

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे प्रक्षेपणाचे हक्क क्रिकेट बोर्डाने ४८,३९० कोटी रुपयांना विकले. या कराराचा हिशोब ४१० मॅचचा आहे. भागाकार केला की एका मॅचचे होतात ११८ कोटी. यातला भारतातल्या टीव्हीचा वाटा २३,५७५ कोटी, म्हणजे मॅचमागे साडेसत्तावन्न कोटी. बाकीचा बहुतेक पैसा मोबाइलवरच्या प्रक्षेपणाचा.

आंब्याचा बहार उक्ता घेणारा व्यापारी आठवा. मोहोर बघून पैसे आधीच देऊन बसतो. मग वारा सुटो की गारपीट होवो, त्याला शेवटची कैरीसुद्धा झाडावर सोडून चालत नाही. चॅनेलचं तसंच आहे. मॅच त्याने उक्ती घेतली आहे.

टीव्हीवर जाहिरातीचा भाव दहा सेकंदांवर बोलला जातो. गेल्या काही मोसमांत आयपीएलसाठी हा भाव साधारण १५ ते २० लाख रुपयांच्या घरात राहिला. १५ लाख धरू. साडेसत्तावन्न कोटी भरून काढायला दहा सेकंदांचे ३८३ तुकडे विकावे लागतील. म्हणजे जवळजवळ ६४ मिनिटं. आपण केबलचे किंवा डिशचे जे पैसे भरतो त्यातला काही वाटा चॅनेलला मिळतो, म्हणून सगळा भार जाहिरातींवर येत नाही. तरी मॅच चालते साडेतीन-चार तास आणि डोळ्यापुढे आकडा ६४ मिनिटांचा, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंच काही आपोआप कळतं.

या घाईला नियमाची वेस आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ सांगतात की तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत. त्यातली १० मिनिटं विकलेल्या जाहिरातींची, २ चॅनेलने स्वतःच्या कार्यक्रमांची वाजंत्री वाजवायला. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी हीच मर्यादा २०१२-१३ मध्ये आपल्या नियमावलीत आणली तेव्हा चॅनेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले. चार तासांच्या खेळाला विकायच्या १० मिनिटांच्या हिशोबाने ४० मिनिटं मिळतात. ६४ आणि ४० यांच्यातलं अंतर कुठून तरी भरून काढायचं असतं. ते कुठून, हे पुढे येतं.

क्रिकेट हा खेळ जाहिरातदाराच्या सोयीचाच. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं चेंडू फिरत राहतो, मधे शिरायला फट नाही. क्रिकेटमध्ये दर सहा बॉलनंतर फिल्डर जागा बदलतात. वीस ओव्हरच्या डावात अशा १९ फटी, दोन डावांत ३८. विकेट पडली की वेगळी. रिव्ह्यू घेतला की वेगळी. वर स्ट्रॅटेजिक टाइमआउट, म्हणजे डावपेच ठरवायला दिलेली मधली सुट्टी. हा टाइमआउट आयपीएलमध्ये २००९ साली आला तेव्हा डावाच्या मध्यावर सलग साडेसात मिनिटांचा होता. खेळाडूंची लय तुटायची, बघणाऱ्यांचीही. पुढच्याच मोसमात त्याचे अडीच-अडीच मिनिटांचे दोन तुकडे केले, ते आजवर चालू आहेत.

पडदा कसा वाटून दिलेला असतो

आमच्या धंद्यात एक शब्द सतत कानावर पडतो: एफसीटी. पूर्ण पडदा घेऊन, सेकंदांवर मोजून दाखवलेली जाहिरात म्हणजे एफसीटी. ओव्हर संपली, खेळ गायब, गाडी डोंगर चढतेय, ती ही. नाना जिच्यावर कडाडले तीसुद्धा हीच.

दुसरी जात खेळ चालू असताना येते. चित्र थोडं आक्रसतं, डावीकडे आणि खाली इंग्रजी एल अक्षरासारखी रंगीत पट्टी उगवते. तिला एल-बँड म्हणतात. नुसती खालून सरकणारी पट्टी असेल तर ॲस्टन. ही जागा सेकंदांच्या हिशोबात पकडली जात नाही, वेगळी विकली जाते. मघाचं अंतर भरून काढायची एक वाट इथून जाते.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना माहीत नसेल, पण १९९४ च्या त्याच नियमांत एक कलम आहे: जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर दाखवून तिने कार्यक्रमात अडथळा आणता कामा नये. कलम वाचा आणि मग कुठलीही मॅच बघा. माझं मत स्पष्ट आहे. बॉलरचा रनअप सुरू झाल्यावर चित्र आक्रसवणं हा अडथळाच आहे. ओव्हर संपल्यावर दोन जाहिराती जास्त दाखवल्या तरी माणूस पाणी पिऊन येतो. खेळ चालू असताना पडदा लहान केला तर ज्याच्या घरी बत्तीस इंचाचा टीव्ही आणि ज्याची नजर साठीपुढची, त्याला स्कोअर वाचता येत नाही. मोठ्या शहरात बसून पट्टीचं डिझाइन करणाऱ्याच्या समोर मोठा मॉनिटर असतो. आमच्या नानांच्या समोर तो नसतो.

तिसरी जात मैदानातच रुजलेली. सीमारेषेवरचे फिरते फलक, गवतावर रंगवलेली नावं, स्टंप, पंचांचा शर्ट. हिचा पैसा चॅनेलकडे जात नाही, बोर्डाकडे किंवा संघांकडे जातो. बघणाऱ्याला हा फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पण घरोघरी विचारलं तर या जातीबद्दल तक्रार करणारा मला आजवर भेटलेला नाही. ती बॉल झाकत नाही, म्हणून.

तेच तेच आणि मोठ्याने

पुनरावृत्तीबद्दल मानसशास्त्रात एक जुना शोध आहे. रॉबर्ट झायन्स या शास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की एखादी अनोळखी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली की ती आपोआप थोडी आवडू लागते. अर्थ कळला नाही तरी. एसटीत रोज समोर बसणारा माणूस बोलला नाही तरी महिन्याभराने ओळखीचा वाटतो, तसं. जाहिरातदार पैसा ओततो तो याच भरवशावर. पहिल्यांदा दिसली तेव्हा लक्ष नव्हतं, दुसऱ्यांदा ऐकू आली, तिसऱ्यांदा नाव बसलं.

पण ही चढण कायम चढत जात नाही. एका टप्प्यानंतर तीच ओळख टोचायला लागते. आमच्याकडे याला जाहिरात 'झिजली' म्हणतात. विनोदाची जाहिरात सगळ्यात आधी झिजते, कारण विनोदातला धक्का एकदाच बसतो. कथा सांगणारी थोडी टिकते. नुसतं गाणं असेल तर ते बराच काळ टिकतं, पोरं अंगणात म्हणत हिंडतात.

मग कंपन्या नव्या जाहिराती का करत नाहीत? कारण मोठी नावं घेऊन एक जाहिरात काढायचा खर्चच मोठा, आणि आयपीएलचा मोसम दोन-सव्वादोन महिन्यांचा, मॅच ७४. अमेरिकेत सुपर बोल नावाची, त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची अंतिम मॅच असते. ती वर्षातून एकदाच. तिथे कंपन्या त्या एका रात्रीसाठी नवी कोरी जाहिरात घेऊन येतात. 'यूएसए टुडे' हे वर्तमानपत्र १९८९ पासून प्रेक्षकांकडून त्या जाहिरातींना गुण देऊन घेतं आणि कुणाची पहिली आली ते छापतं. लोक जाहिराती बघायला म्हणून मॅच लावतात. एका रात्रीचं कौतुक आणि दोन महिन्यांचा सहवास यांची बरोबरी होत नाही. लग्नाच्या पंगतीतली जिलेबी गोड लागते, रोज ताटात पडली तर कोण खाईल?

आपल्याकडे हा प्रश्न एकदा फार सुंदर सुटला होता. २००९ साली आयपीएल निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली होती. तेव्हा व्होडाफोनने झूझू आणले, ते पांढरे, अंड्यासारख्या डोक्याचे, हातपाय काडीसारखे. पुष्कळांना आजही ते कार्टून वाटतात. ती खरी माणसं होती, पांढरे पोशाख घालून केप टाउनमध्ये चित्रित केलेली. आणि खरी हुशारी पुढे होती: कंपनीने एकच जाहिरात न करता जवळपास तीस छोट्या जाहिराती केल्या, म्हणजे मोसमभर दर एक-दोन दिवसांनी नवी. आमच्या गल्लीत तेव्हा पोरं ओव्हर संपायची वाट बघायची. प्रेक्षक जाहिरातीचा वैरी नसतो, याला याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

आता आवाज. प्रत्येक घरात जाहिरात लागली की कुणीतरी ओरडतं, 'आवाज कमी करा रे'. रिमोटला कुणी हात लावलेला नसतो, मग आवाज वाढतो कसा? कीर्तन आठवा. बुवा कधी कुजबुजतात, कधी टिपेला जातात, मधे मृदंग, मधे शांतता. कुजबुज आणि टीप यांची सरासरी काढली तर ती मध्यम येईल. आता आठवडी बाजारात टेंपोवर भोंगा लावून चादरी विकणारा आठवा. त्याची टीप बुवांच्या टिपेपेक्षा वर जात नाही, पण तो खाली कधी येतच नाही. सलग त्याच पट्टीत. जाहिरातीचा आवाज असाच तयार करतात: हळू भाग वर ओढून घ्यायचे, सगळं एका उंचीवर आणायचं. मशीनने सर्वात मोठा आवाज मोजला तर तो मॅचइतकाच भरतो. कान मात्र सरासरी ऐकतो, आणि ती दुप्पट वाटते. अमेरिकेने याच्यासाठी २०१० साली स्वतंत्र कायदा केला, आणि त्यात सरासरी मोजायची सक्ती आहे. आपल्या १९९४ च्या नियमांतही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या शेजाऱ्यांना रात्री अकरा वाजता सिमेंटची जाहिरात ऐकू जाते, तेव्हा हा नियम कुणाच्या ध्यानात नसतो.

मग आवडतं काय?

जाहिरात आवडली का, हा प्रश्न कंपन्यांना पूर्वी फारसा महत्त्वाचा वाटत नसे. लक्षात राहिली का, पटली का, एवढंच विचारायचे. अमेरिकेत जाहिराती तपासायच्या पद्धतींचीच एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. विक्रीशी सगळ्यात चांगल्या जुळलेल्या प्रश्नांत हा साधा प्रश्न निघाला: आवडली का?

आवडण्याची कारणं मात्र घरोघरी वेगळी असतात. आमच्या अमळनेरचंच घ्या. विप्रो ही आज जगभर पसरलेली कंपनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झाली. तेव्हाचे शेअर जपून ठेवलेली घरं गावात आहेत. विप्रो समूहाच्या साबणाची जाहिरात टीव्हीवर लागली की नानांचा चेहरा बदलतो. जाहिरात बरी की वाईट हा मुद्दाच राहत नाही, ती आपल्या गावची होते. मुंबईत बसलेल्या जाहिरातवाल्याला हे कधी कळणार नाही, आणि कुठल्याही सर्वेक्षणाच्या रकान्यात ते बसणार नाही.

शेवटी गम्मत आठवते, माल आठवत नाही, असंही घडतं. २०२१ च्या आयपीएलमध्ये राहुल द्रविड ट्रॅफिकमध्ये अडकून चिडतो, गाडीतून उभा राहून 'इंदिरानगरका गुंडा हूं मैं' म्हणून ओरडतो, ती जाहिरात कुणाला आठवत नाही? इतका शांत माणूस असा भडकलेला पाहून लोक पोट धरून हसले. मी अलीकडे जळगावात चार जणांना विचारलं. चौघांनाही द्रविड आठवला. क्रेड ही कंपनी क्रेडिट कार्डाची बिलं भरायचं ॲप चालवते, हे एकानेही सांगितलं नाही. मोठा माणूस मालाची ओळखच गिळून टाकतो. अर्थात कंपनीला खान्देशातला क्रेडिट कार्ड नसलेला प्रेक्षक नकोच असेल, तर तिचं काही बिघडलं नाही.

हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचावं. मॅच आपण सगळेच बघतो, पण जाहिरात आपल्यासाठी असतेच असं नाही. पारा ४४ वर गेलेला, घरात वाळ्याचा कूलर, आणि पडद्यावर दीड टनी एसीच्या सहा जाहिराती. मोबाइलवर आता हे बदलतंय. तिथे तीच मॅच बघणाऱ्या दोन माणसांना वेगवेगळी जाहिरात दाखवता येते, गाव, फोन, भाषा बघून. २०२३ च्या मोसमात मोबाइलवर मराठी कॉमेंट्रीही आली. माझी गिऱ्हाइकं विचारायला लागली की आपली जाहिरात फक्त जळगाव-धुळ्याच्या फोनांवर जाईल का. पूर्वी असा प्रश्न त्यांच्या मनातही आला नसता.

आपलं मत मोजतं कोण?

आता नानांचा खरा प्रश्न. आमचं मत कुणी विचारतं का?

टीव्ही किती बघितला जातो हे आपल्या देशात बार्क ही संस्था मोजते. चॅनेल, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सी यांनी मिळून ती उभी केली, आणि २०१५ पासून तिचे आकडे येऊ लागले. गावांतले आकडे त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून. त्याआधीच्या मोजणीत खेड्यातला प्रेक्षक नव्हताच. तेंडुलकरची सगळी कारकीर्द आमच्या गावाने टीव्हीपुढे बसून पाहिली, आणि त्या सगळ्या काळात हिशोबात आमचं गाव शून्य होतं.

पद्धत अशी. प्रत्येक चॅनेल आपल्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळतं. निवडलेल्या घरांत एक मीटर बसवलेला असतो, तो ही खूण ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. टीव्हीपुढे बसला की दाबायचं, उठला की पुन्हा दाबायचं. २०२५ मध्ये अशी घरं देशभरात ५८ हजारांच्या आसपास होती, आणि टीव्ही असलेली घरं साधारण २३ कोटी. म्हणजे जवळपास चार हजार घरांमागे एक मीटर. भाताचं एक शीत दाबून हंडी शिजली की नाही ते बघावं, तसं. नमुना नीट निवडला असेल तर ही पद्धत चुकीची नाही. मात्र कुणी मीटरच्या घरांना गाठून पैसे दिले तर सगळी हंडीच बिघडते, आणि २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका तसाच आरोप ठेवून गुन्हा नोंदवला होता.

आता नीट बघा. मीटर काय लिहून घेतो? कुठलं चॅनेल, कुठल्या मिनिटाला, घरातलं कोण. एवढंच. नाना जाहिरातीवर ओरडत बसले होते. समजा आमच्या घरी मीटर असता, तर त्या मिनिटाला त्याने लिहिलं असतं: पुरुष, साठीपुढचा, बघतोय. शेजारच्या घरी कुणी तीच जाहिरात हसत हसत बघत असेल, तर त्याचीही अगदी हीच नोंद. राग आणि आनंद यांना मीटरमध्ये वेगळी खूण नाही. हॅटट्रिकच्या बॉलआधी कुणी उठून जात नाही, जाऊच शकत नाही, म्हणून ती जागा जाहिरातदाराला सगळ्यात मोलाची.  आणि आपण जागचे हललो नाही याचा अर्थ कागदावर असा लागतो की आपली काही तक्रार नव्हती.

कंपन्या जाहिरात दाखवण्याआधी आणि नंतर लोकांना विचारतात, हे खरं आहे. पण ते प्रश्न जाहिरात माल विकेल का यासाठीचे असतात. तिने खेळाची मजा किती घालवली, हा प्रश्न मी आजवर कुठल्याही प्रश्नावलीत वाचलेला नाही. माझ्या कामात तो मी स्वतः विचारायला लागलोय. बियाण्याच्या एका दुकानदाराला मी सांगितलं, केबलवरच्या मॅचमध्ये पट्टी नको, मॅच संपल्यावरची जाहिरात घे. स्वस्तही पडली.

मोबाइल थोडा अधिक लिहून घेतो. कुठल्या क्षणी ॲप बंद केलं, जाहिरातीवर बोट ठेवलं का. तिथलं आपलं निघून जाणं निदान दिसतं तरी.

वेलची आणि पत्ते

आतापर्यंतची तक्रार मजा घालवल्याची होती. घरातल्या बायकांची तक्रार वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त खोल. "पोरांसमोर हे काय दाखवतात?" असं मोठी आत्या विचारते, तेव्हा तिचा रोख वेलचीकडे असतो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आहे. शिरपूरच्या पुढे, सेंधव्याच्या रस्त्याला गुटख्याची गाडी पकडली ही बातमी आमच्या पेपरांना नवी नाही. तंबाखूची आणि दारूची जाहिरात, आडून केलेलीसुद्धा, टीव्हीच्या नियमांत बसत नाही. म्हणून त्याच नावाची, त्याच रंगाच्या डबीची वेलची दाखवतात, त्याच नावाचा सोडा दाखवतात. याला सरोगेट जाहिरात म्हणतात. आमची दहा वर्षांची पोरगी नाव वाचते आणि टपरीवर लटकणारी पुडी ओळखते. वेलची घरात डब्यात असते, हे तिला माहीत आहे. ग्राहक संरक्षणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांत अशा आडवाटेच्या जाहिरातींना नाव घेऊन मनाई केली आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या सगळ्या, सरोगेटसुद्धा, जाहिराती बंद करायला सांगितलं.

इथे प्रेक्षकांच्या मताने एकदा काम केलेलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार अशाच एका वेलचीच्या जाहिरातीत दिसला. लोक इतके संतापले की काही दिवसांतच त्याने जाहीर माफी मागून त्या कामातून अंग काढून घेतलं. मीटरवर त्या जाहिरातीचे आकडे चांगलेच असणार. ती थांबली ती बोललेल्या मतामुळे.

पैसे लावून खेळायच्या ॲपचंही तसंच. आखाजीला खान्देशात पत्त्यांचे डाव पूर्वापार बसतात. ते चांगलं असं मी म्हणत नाही, पण तो डाव सणापुरता असायचा आणि घरच्यांच्या नजरेसमोर असायचा. ॲपवरचा डाव सगळा मोसम, दर रात्री, एकट्याच्या हातात. जाहिरातीत आवडता खेळाडू 'टीम बनवा' सांगायचा आणि शेवटी 'सवय लागू शकते, आर्थिक जोखीम आहे' हे वाक्य इतक्या वेगाने म्हटलं जायचं की शब्द सुटे करता येत नसत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घालणारा कायदा केला. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तक्रार कुठे करायची

जाहिरात खोटी, फसवी, असभ्य किंवा सरोगेट वाटली तर भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, ही संस्था आहे. जाहिरात उद्योगानेच १९८५ साली स्थापन केलेली. तिच्या वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. फसवणुकीचा मामला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली नेमलेलं केंद्रीय प्राधिकरण फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाहिरातीतल्या नामांकित चेहऱ्यालाही जबाबदार धरू शकतं.

खेळ चालू असताना आलेली पट्टी किंवा कर्कश आवाज, यासाठी आधी चॅनेलकडेच लेखी जायचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर चॅनेलने तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि त्याने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर पटलं नाही तर वरच्या पायऱ्या आहेत.

तक्रार कुठलीही असो, ती टिकते नोंदीवर. तारीख, वेळ, चॅनेलचं नाव, मालाचं नाव, आणि नेमकं काय दाखवलं किंवा काय म्हटलं. जमलं तर फोनवर दहा सेकंदांचं शूटिंग. 'फार जाहिराती दाखवतात' असं लिहिलं तर ते कुणी उघडूनही बघणार नाही. 'अमुक तारखेला ९ वाजून १२ मिनिटांनी बॉलर धावत असताना पडदा लहान केला' असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाशीच्या वजनाची जुनी वही काढली. तिची मागची पानं कोरी होती. आता ती टीव्हीखालच्या फळीवर असते, सुतळीने पेन बांधलेलं. गेल्या खेपेला गेलो तेव्हा मी ती उघडून पाहिली. वेळेसकट, चॅनेलच्या नावासकट, रेघा मारून रकाने केलेले. पहिली नोंद मात्र आत्याच्या त्या जाहिरातीची आहे: 'रात्री ८.४०, हसणारी आजी, आवाज बेताचा, बॉल चुकला नाही. चांगली.'